दातांचा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडलाय, पण खुर्ची हलवली की चित्र जातं

कृष्णाकाठ
नमस्कार. वाईला माझा दातांचा दवाखाना आहे. दोन महिन्यांपूर्वी तोंडात घालून दात दाखवणारा कॅमेरा घेतला, इंट्राओरल कॅमेरा. पेनासारखा आकार, टोकाशी सहा बारीक एलईडी, मागे यूएसबीची वायर. मावसभावाने येऊन जोडून दिला. पहिल्या दिवशी सुरेख चालला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज काहीतरी अडतंय.

मांडणी अशी आहे. कॉम्प्युटर रिसेप्शनच्या टेबलाखाली, विंडोज १०. तिथून भिंतीच्या कडेने पाच मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर खुर्चीपर्यंत आणली आहे आणि तिच्या टोकाला कॅमेरा. पेशंटसमोरच्या भिंतीवर ३२ इंची टीव्ही, तो एचडीएमआयने जोडलेला.

त्रास असा. चित्र मध्येच गोठतं किंवा काळं होतं, आणि यूएसबी उपसल्यावर कॉम्प्युटर जो आवाज करतो तो येतो. खुर्ची वर-खाली करताना तर हमखास. कॅमेऱ्यावरचं फोटोचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, मग एका हाताने कॅमेरा धरून असिस्टंटला "आता माऊस दाब" असं ओरडून सांगावं लागतं. आणि काल एक फोटो बघताना लक्षात आलं की पेशंटची डावी दाढ उजवीकडे दिसतेय. हे शेवटचं मला जास्त काळजीचं वाटतं.

एवढं मनाला का लागलंय तेही सांगते. आसपासच्या गावांतून माझ्याकडे मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्या खूप बायका येतात. काहींच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला पांढरा चट्टा असतो. तोंडी सांगितलं की "व्हय बाई, सोडते" म्हणतात आणि परत येत नाहीत. हातातल्या आरशात त्यांना आतलं धड दिसत नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा चालला तेव्हा एका आजींना त्यांचाच चट्टा टीव्हीवर दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये माझं हाय?" त्याच आठवड्यात त्या चट्ट्याचा तुकडा काढून कर्करोगासाठी तपासायला तयार झाल्या. त्याआधी वर्षभर मी त्यांना तेच सांगत होते.

तर कुणाला अनुभव असेल तर सांगा. मला कॉम्प्युटरमधलं जेमतेम कळतं, त्यामुळे पायरीपायरीने लिहिलंत तर बरं होईल.

तारयंत्र
डॉक्टर, मी कोल्हापूरला दवाखान्यांची नेटवर्क आणि कॉम्प्युटरची कामं करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून सॉफ्टवेअरला सध्या हातच लावू नका. आधी वायर बघू.

यूएसबी २.० ची साधी वायर जास्तीत जास्त ५ मीटर चालते, आणि हे ५ मीटर म्हणजे कॉम्प्युटरपासून कॅमेऱ्यापर्यंतची सगळी वायर मिळून. कॅमेऱ्याची स्वतःची वायर दोन-अडीच मीटर तरी असणार. त्यात तुमचे पाच. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या बरंच पुढे गेला आहात. पहिल्या दिवशी चाललं, कारण मर्यादा ओलांडली की लगेच बंद पडतं असं नाही. काठावर चालत राहतं आणि जरासा धक्का बसला की तुटतं.

दुसरी गोष्ट विजेची. यूएसबी २.० चं सॉकेट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं. लांब आणि बारीक वायरमध्ये त्यातलं थोडं व्होल्टेज वाटेतच जातं. कॅमेऱ्याचे एलईडी आणि सेन्सर दोन्ही त्याच विजेवर चालतात. ती कमी पडली की कॅमेरा स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो. तुम्हाला येणारा आवाज तोच.

एक चाचणी करा, दहा मिनिटांची आहे. एक्स्टेन्शन पूर्ण काढा. सीपीयूचा डबा टेबलाखालून ओढून खुर्चीजवळ आणा, कॅमेरा थेट डब्याच्या मागच्या सॉकेटला लावा. पुढच्या सॉकेटला नको, ती आतून आणखी एका वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि जुन्या डब्यात सैलही झालेली असतात. मग विंडोजचं साधं 'कॅमेरा' अ‍ॅप उघडा आणि चित्र चालू ठेवून खुर्ची पाच-सहा वेळा वर-खाली करा. कॉम्प्रेसरही चालू होऊ द्या. काय होतं ते इथे लिहा. त्याआधी नवीन काही विकत घेऊ नका.

घाटवाट
कॅमेऱ्याबरोबर सीडी आली असेल तर ती घातलीत का? आमच्याकडे सीडी घातल्यावरच चालला होता.

तारयंत्र
@घाटवाट, सीडी शक्यतो नको. आजकालचे बहुतेक यूएसबी कॅमेरे 'यूव्हीसी' पद्धतीचे असतात, म्हणजे वेबकॅमसारखे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत त्यांचा ड्रायव्हर आधीपासून असतो. जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' खाली नाव आलं की काम झालं. जुने कॅमेरे वेगळे. त्यांतून पिवळ्या पिनेचा किंवा एस-व्हिडिओचा सिग्नल निघतो, त्याला मध्ये कॅप्चर डबी, म्हणजे तो सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करणारी डबी, लागते आणि त्या डबीला ड्रायव्हर लागतो. एक्सपीच्या काळातला ३२ बिटचा ड्रायव्हर आजच्या ६४ बिट विंडोजवर बसत नाही. कुणाकडे तसा जुना कॅमेरा असेल तर कॅमेरा चांगला असूनही डबी बदलावी लागेल.

खडूफळा
मी दंत महाविद्यालयात शिकवते. डाव्या-उजव्याच्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा तोच आहे.

अनेक सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं दाखवतात. वेबकॅमसमोर बसून स्वतःकडे बघणाऱ्याला तसंच बघायची सवय असते, म्हणून ती सोय ठेवलेली असते. दातांच्या बाबतीत त्याने घात होतो. आपण जे दोन आकडी क्रमांक वापरतो, त्यांत खालची डावी पहिली दाढ ३६ आणि खालची उजवी ४६. आरशातली ३६ हुबेहूब ४६ दिसते. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने केस सादर केली होती. फोटोवर ४६ लिहिलेलं, कीडही दिसत होती. एक्स-रे लावला तर ४६ धडधाकट. फोटो ३६ चा होता, उलटा साठवलेला. एक्स-रे असल्यामुळे तिथेच लक्षात आलं. आता समजा तोच फोटो कुणी रूट कॅनालसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवला असता तर?

तपासायची पद्धत सोपी आहे. छापील कागद घ्या, औषधाच्या खोक्यावरचं नाव चालेल. कॅमेरा त्यावर धरा. स्क्रीनवर अक्षरं वाचता आली तर चित्र सरळ आहे. उलटी दिसली तर आरसा चालू आहे. ही चाचणी दोनदा करायची: एकदा चालू चित्रावर आणि एकदा साठवलेला फोटो उघडून. दोन्ही वेगळं असू शकतं, हे लोक विसरतात.

आणि आरसा आणि फिरणं यांत गोंधळ करू नका. वरच्या दातांसाठी कॅमेरा पालथा केला की चित्र डोकं खाली पाय वर असं होतं. ते नुसतं फिरलेलं चित्र आहे. १८० अंशांत फिरवलं की सरळ होतं, डावं-उजवं बदलत नाही. आरशातलं चित्र कितीही फिरवा, सरळ होणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची बटणं शेजारीशेजारी असतात आणि घाईत चुकीचं दाबलं जातं.

कृष्णाकाठ
@खडूफळा मॅडम, आत्ताच कापसाच्या बोळ्यांच्या पाकिटावर कॅमेरा धरून पाहिला. अक्षरं उलटी. मावसभावाने जे कुठलं मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलंय त्यात चालू चित्रही उलटं आणि फोटोही उलटा. म्हणजे दोन महिन्यांतले सगळे फोटो. आज रात्री बसून एकेक तपासते. सुदैवाने अजून कुणाला बाहेर पाठवले नव्हते.

खडूफळा
सगळे तपासा, पण मूळ फाइल पुसू नका. सरळ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि केसपेपरवर तशी नोंद करा.

पाऊलखुणा
मी डॉक्टर नाही, पेशंटच्या बाजूने विचारते. हा कॅमेरा तोंडात घालतात त्याने किरणांचा त्रास होतो का? आईचं वय ७१ आहे. आणि दुसरं, मनात राहिलेलं आहे म्हणून लिहिते. एका दवाखान्यात मला माझी दाढ टीव्हीवर दाखवली. केवढा मोठा काळा खड्डा दिसत होता. घाबरून मी तीन दाढा भरून घेतल्या. नंतर दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या की त्यातली एक नुसती डागाळलेली असावी. तेव्हापासून तो टीव्ही दिसला की मला धास्ती वाटते.

कृष्णाकाठ
@पाऊलखुणा ताई, आईंना निर्धास्त घेऊन जा. यात फक्त एलईडीचा उजेड असतो, एक्स-रेसारखे किरण नसतात.

तुमचा दुसरा अनुभव वाचून वाईट वाटलं आणि तो खराही आहे. एक दाढ साधारण एक सेंटिमीटरची. ती ३२ इंची टीव्हीभर पसरली की दाढेच्या खाचेतला चहाचा डागही विहिरीसारखा दिसतो. त्यामुळे मी आता ठरवलंय की आधी त्याच तोंडातली चांगली दाढ दाखवायची आणि मग दुखरी, दोन्ही तितक्याच अंतरावरून. म्हणजे पेशंटला तुलना करता येते. आणि कीड आहे की डाग, हे नुसत्या चित्रावर मी ठरवत नाही. दात वाळवून बघते, गरज असेल तर एक्स-रे काढते. दोन दातांच्या फटीतली कीड किंवा हिरडीखालचं हाड कॅमेऱ्याला दिसतच नाही. तिथे एक्स-रेच लागतो. तुम्ही पुढच्या वेळी सरळ विचारा: "शेजारची दाढ पण दाखवा." कुठल्याही डॉक्टरला याचा राग यायचं कारण नाही.

पाऊलखुणा
हे विचारता येतं हेच माहीत नव्हतं. लक्षात ठेवते.

मांडवी
पणजीहून लिहितोय. कॅमेरा सात वर्षं वापरतोय. वायरींचं तारयंत्र सांगतीलच, मी तोंडातलं सांगतो.

वाफ. कॅमेऱ्याची काच थंड आणि तोंड गरम, म्हणून काच धुरकटते. आत घालण्याआधी दोन-तीन मिनिटं एलईडी चालू ठेवा, टोक कोमट होतं. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा. तरीही वाफ आली तर असिस्टंटने हवा-पाणी मारायच्या थ्री-वे सिरिंजने हलकी हवा मारायची, काचेवर आणि दातावरही.

लाळ. ओल्या दातावर एलईडीचे सहा पांढरे ठिपके चमकतात आणि नेमकी चीर त्याच ठिपक्याखाली लपते. दात वाळवा, कॉटन रोल ठेवा. चमक तरी राहिली तर कॅमेरा जरासा तिरका करा. जुन्या चांदीच्या भरावाशेजारची चीर समोरून कधीच नीट दिसत नाही, बाजूने उजेड पडला की सावलीने उठून दिसते. हे मला कळायला दोन वर्षं लागली.

खुर्चीवरचा मोठा दिवा बंद करा किंवा बाजूला वळवा. दोन उजेड एकत्र आले की रंग बिघडतो.

हात टेकवा. करंगळी पेशंटच्या हनुवटीवर किंवा पुढच्या दातांवर टेकवली की चित्र हलत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत फोकस ठरलेल्या अंतराचा असतो. कोणत्या अंतरावर चित्र सगळ्यात स्पष्ट येतं ते नखावर किंवा नाण्यावर धरून एकदा शिकून घ्या, मग हात आपोआप तिथे थांबतो.

आणि पावसाळा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. लेन्सच्या आत एकदा बुरशी धरली की ती निघत नाही, फोटोवर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. रात्री कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

सातबारा
मोबाइलचे कॅमेरे आता इतके चांगले आहेत, मग वेगळा कॅमेरा कशाला? आमचे डॉक्टर मोबाइलनेच काढतात.

मांडवी
पुढच्या दातांना मोबाइल उत्तम, ओठ बाजूला धरायचा रिट्रॅक्टर लावला की झालं. दातांची आख्खी कमान एका फोटोत हवी असेल तर मॅक्रो लेन्स आणि रिंग फ्लॅशचा मोठा कॅमेरा आणि तोंडात धरायचा आरसा यांना तोड नाही. पण वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू बघायला मोबाइल आत जातच नाही. तंबाखू-सुपारीने तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटचं तर विचारूच नका. ज्यांची दोन बोटंही आत जात नाहीत त्यांच्या गालाच्या आतलं हा पेनासारखा कॅमेराच दाखवतो.

कृष्णाकाठ
तारयंत्र दादा, चाचणी केली. रविवारी दवाखाना बंद होता, डबा ओढून खुर्चीशी आणला. मागच्या सॉकेटला थेट कॅमेरा. वीस मिनिटं चालू ठेवला, खुर्ची दहा वेळा वर-खाली केली. एकदाही चित्र गेलं नाही. मग पुन्हा एक्स्टेन्शन लावली, तिसऱ्या वेळी खुर्ची उचलताना गेलं.

पण एक प्रश्न राहिला. वायर लांब आहे हे समजलं, पण मग खुर्ची हलवल्यावरच का जातं?

तारयंत्र
उत्तम चाचणी केलीत. आता निदान पक्कं.

खुर्चीचं उत्तर: तुमची एक्स्टेन्शन वायर खुर्चीच्या बुडाशी कुठून जाते ते बघा. खुर्चीची मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. तिच्या वायरीला चिकटून यूएसबीची वायर गेली असेल तर तो झटका यूएसबीत उतरतो. आखूड आणि चांगल्या वायरीत सिग्नल दमदार असतो म्हणून तो झटका पचतो. तुमच्या साडेसात मीटरच्या टोकाला सिग्नल आधीच दमलेला असतो.

उपाय तीन आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने लिहितो.

टीव्हीच्या मागे बसणारा छोटा कॉम्प्युटर, मिनी पीसी म्हणतात तो, खुर्चीजवळ ठेवायचा आणि कॅमेरा थेट त्याला. रिसेप्शनचा कॉम्प्युटर नेटवर्कने जोडायचा. खर्च होतो, पण वायरीचा प्रश्न मुळातून जातो.

ते नको असेल तर अ‍ॅक्टिव्ह रिपीटर केबल घ्या. तिच्या टोकाशी सिग्नल नव्याने उभा करणारी चिप असते. तिला वेगळ्या अ‍ॅडॉप्टरने वीज देता येईल अशीच घ्या. नुसती जाड एक्स्टेन्शन घेऊन फरक पडणार नाही.

तिसरा, टोकाशी स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब. हबही सिग्नल नव्याने उभा करतो, म्हणून हबपर्यंतची वायर वेगळी मोजायची आणि हबपासून कॅमेऱ्यापर्यंतची वेगळी. तुमची एक्स्टेन्शन पाच मीटरची आहे, म्हणजे हबपर्यंत बरोबर काठावर. ती बदलून आखूड, चांगली वायर मिळाली तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

कुठलाही मार्ग घेतलात तरी यूएसबीची वायर खुर्चीच्या वायरीपासून हातभर लांबून न्या. दोन्ही एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्या, शेजारून समांतर नको. आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते कॅमेऱ्यासाठी नाही, पेशंटच्या तोंडात धातूची उपकरणं असतात म्हणून.

एक सेटिंगही करून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब', त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट', तिथली वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. कॅमेरा दोन पेशंटच्या मध्ये वापरात नसताना कॉम्प्युटर त्याला झोपवतो, तो मग उठताना अडखळतो.

दूरचित्र
बटणाबद्दल मी लिहितो. मी दवाखान्यांना सॉफ्टवेअर बसवून देतो, नागपूर.

कॅमेऱ्यावरचं बटण दाबलं की कॅमेरा कॉम्प्युटरला एक निरोप पाठवतो. तो निरोप ऐकणारं सॉफ्टवेअर हवं. दातांच्या क्लिनिकचं सॉफ्टवेअर घेतलं असेल तर त्याच्या कॅमेरा विभागात बटणाची सोय बहुधा असते. साधं कॅमेरा अ‍ॅप बहुतेक वेळा ते ऐकत नाही. त्यामुळे बटण खराब आहे असं लगेच समजू नका.

माझा सोपा तोडगा: 'ओबीएस स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' म्हणून कॅमेरा निवडा. लॅपटॉप असेल तर यादीत त्याचा स्वतःचा वेबकॅमही दिसेल, नाव बघून निवडा. मग चित्रावर राइट क्लिक करून 'फुलस्क्रीन प्रोजेक्टर'मध्ये टीव्ही निवडा. पेशंटला टीव्हीवर फक्त दात दिसतो, तुमच्या स्क्रीनवरची बाकीची नावं दिसत नाहीत. चित्र उलटं असेल तर त्याच राइट क्लिकमध्ये 'ट्रान्सफॉर्म' खाली 'फ्लिप हॉरिझॉन्टल' आहे.

फोटोसाठी सेटिंग्जच्या 'हॉटकीज'मध्ये स्क्रीनशॉटला एक कळ नेमून द्या. आणि बाजारातून यूएसबीचं पायाने दाबायचं पेडल आणा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते कीबोर्डची एक कळच असतं. एका हातात कॅमेरा, दुसरा हात मोकळा, पायाने फोटो. असिस्टंटला ओरडून सांगायला नको.

एक खबरदारी. ओबीएसमध्ये कॅनव्हासचा, म्हणजे चित्र मांडायच्या चौकटीचा, आकार कॅमेऱ्याच्या आकाराइतकाच ठेवा. कॅमेरा १२८० बाय ७२० चा आणि कॅनव्हास १९२० बाय १०८० चा ठेवलात तर चौकट भरायला चित्र उगाच ताणावं लागतं.

कृष्णाकाठ
माझ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर १२ मेगापिक्सेल लिहिलंय. मग १२८० बाय ७२० कसं?

दूरचित्र
१२८० गुणिले ७२० म्हणजे सुमारे ९ लाख २२ हजार ठिपके, एक मेगापिक्सेलही नाही. १९२० बाय १०८० म्हणजे साधारण दोन मेगापिक्सेल. ओबीएसच्या 'रेझोल्यूशन' यादीत कॅमेरा किती देऊ करतो ते दिसेल. खोक्यावरचा आकडा अनेकदा चित्र सॉफ्टवेअरने फुगवून काढलेला असतो. पण निराश होऊ नका, एका दाढेसाठी ७२० पुरेसं आहे. तिथे लेन्स आणि उजेड जास्त महत्त्वाचे.

त्याच खिडकीत 'व्हिडिओ फॉरमॅट' असतं, तिथे 'एमजेपेग' निवडा. कारण सांगतो. न दाबलेलं ७२० चं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ४४ कोटी बिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८ कोटी, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते. म्हणून चित्र अडखळतं. एमजेपेगमध्ये कॅमेराच चित्र दाबून पाठवतो.

चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर 'कॉन्फिगर व्हिडिओ'मध्ये पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० ची, कॅमेरे बऱ्याचदा ६० वर ठेवलेले येतात.

खडूफळा
मिश्रीच्या चट्ट्यांसाठी त्याच खिडकीतली आणखी दोन सेटिंग्ज महत्त्वाची आहेत. व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) यांच्या 'ऑटो'च्या खुणा काढा आणि एकदा ठरवलेले आकडे वहीत लिहून ठेवा. ऑटोवर कॅमेरा दर वेळी रंग आपल्या मनाने बदलतो. जानेवारीतला चट्टा गुलाबी आणि जुलैतला पांढरा दिसला तर चट्टा बदलला की कॅमेरा, हे सांगता येणार नाही.

फोटोत मोजपट्टी हवी. विल्यम्स प्रोब, म्हणजे मापाच्या खुणा असलेली बारीक सळई, चट्ट्याशेजारी धरा, त्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० मिलिमीटरच्या खुणा असतात. दर भेटीत तीच बाजू, तेच अंतर, आणि चौकटीत एखादा ओळखीचा दात यायलाच हवा, म्हणजे जागा नक्की कळते.

आणि तुम्हाला माहीत आहेच, तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते: फोटोवरून चट्ट्याचं निदान होत नाही. ते तुकडा तपासूनच होतं. फोटो पेशंटला समजावायला आणि पुढच्या भेटीत तुलना करायला.

घाटवाट
कॅमेऱ्यावर चढवायची प्लास्टिकची स्लीव्ह प्रत्येक पेशंटला नवीन लावायलाच हवी का? एका डब्यात ५० येतात, पटकन संपतात.

मांडवी
लावायलाच हवी, यात तडजोड नाही. कॅमेरा तोंडातल्या ओल्या त्वचेला लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २००३ ची दंतचिकित्सेसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत या जातीच्या ऑटोक्लेव्ह न होणाऱ्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करता न येणाऱ्या, उपकरणांसाठी आवरण सांगितलंय. आवरण काढल्यावर उपकरण पुसून जंतुनाशकाने स्वच्छ करायचं तेही सांगितलंय, कारण आवरण फाटू शकतं. म्हणजे स्लीव्ह आणि पुसणं, दोन्ही. जंतुनाशक कापडावर घेऊन पुसा. कॅमेरा द्रावणात बुडवू नका आणि उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

स्लीव्ह काचेवर ताणून बसवा. सुरकुती राहिली किंवा शिवण काचेवर आली तर चित्र धूसर येतं आणि माणूस फोकसला दोष देत बसतो.

दूरचित्र
फोटो ठेवायचे कसे यावर कुणी बोललं नाही. 'स्क्रीनशॉट' नावाच्या हजार फायली एका फोल्डरमध्ये, हे मी रोज बघतो. प्रत्येक पेशंटच्या क्रमांकाचं फोल्डर करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फायलींना नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग पेशंटचा क्रमांक, मग दाताचा क्रमांक. वर्ष आधी लिहिलं की फायली आपोआप तारखेने लागतात. नावात पेशंटचं नाव नको. आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि ती डिस्क घरी न्या. दवाखान्यातच ठेवली तर चोरी किंवा आग दोन्ही प्रती नेते.

दुसऱ्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि बारीक चीर पुसली जाते. आणि पाठवण्याआधी पेशंटची लेखी परवानगी घ्या. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झालाय, पण कायदा नसता तरी घ्यायला हवी होती. तोंडाच्या आतला फोटो त्या माणसाचा आहे.

तुमचं विंडोज १० आहे, त्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पेशंटची माहिती असलेला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असेल तर ११ वर जाता येतं का ते तपासून घ्या.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

मिनी पीसी सध्या जमला नाही. अ‍ॅडॉप्टरवाली रिपीटर केबल घेतली. इलेक्ट्रिशियनने खुर्चीचं बूड उघडलं तर दादा म्हणाले तेच होतं, यूएसबीची वायर मोटरच्या वायरीला चिकटपट्टीने एकत्र गुंडाळलेली. ती सोडवून दुसऱ्या भिंतीने नेली. अर्थिंगची तार एका जागी गंजून सुटत आली होती, तीही बदलली. तेव्हापासून चित्र एकदाही गेलेलं नाही. ओबीएस टाकलं, पेडल घेतलं, एमजेपेग आणि ५० हर्ट्झ केलं. दोन महिन्यांतले १४३ फोटो तपासून सरळ केले, मूळ फायली तशाच ठेवल्या.

आजींचा अहवाल आला. आत्ता कर्करोग नाही, पण लक्ष ठेवायला लागणार आहे. त्यांनी मिश्री सोडली, असं त्यांची सून सांगते. काल तपासणीला आल्या होत्या. दोन्ही फोटो टीव्हीवर शेजारीशेजारी लावले, शेजारी प्रोब धरलेले. पहिला फोटो ऑटो सेटिंगवर काढलेला होता, म्हणून रंगाबद्दल काही बोलले नाही, फक्त माप दाखवलं. आजींनी स्वतः उठून टीव्हीजवळ जाऊन खुणा मोजल्या. जाताना त्यांनी शेजारच्या दोघींना पाठवते म्हणून सांगितलं आणि आज सकाळी त्यातली एक आलीसुद्धा.

एकच राहिलं. रिपीटरच्या टोकाचा डबा खुर्चीच्या पायाशी जमिनीवर आहे, फरशी पुसताना ओला होईल अशी भीती वाटते.

तारयंत्र
फार छान वाटलं वाचून. डबा जमिनीवर नको. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला प्लास्टिकची छोटी स्विचपेटी लावून त्यात ठेवा. वायर पेटीत खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोळावरून खाली पडेल, पेटीत जाणार नाही. पेटीला बाजूने दोन भोकं ठेवा, अ‍ॅडॉप्टर तापतो.